न भाजलेली मोहरी

गावात कुणाच्या पोटात काय आहे हे तिच्या नवऱ्याच्या आधी दीपमालाला कळतं, असं बायका म्हणायच्या. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडी धास्तीही. दीपमाला गावची आशा, सरकारी आरोग्यसेविका. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल, आणि दारात उभं राहून बाईच्या तोंडाकडे निरखून बघायची खोड. कुणी चिंच मागितली, कुणाला फोडणीचा वास सोसेना, की हिने गर्भारणींच्या यादीत नाव चढवलंच म्हणून समजा. गावभरच्या गर्भारणी हुडकणाऱ्या दीपमालाची स्वतःची कूस मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही उजवली नव्हती. गाव हे तिच्या तोंडावर कधी बोललं नाही. पाठीमागे किती बोलत असेल, याचा विचार तिने सोडून दिला होता.

तिचा सासरा रंगनाथ. घर गावाबाहेर मळ्यात, नदीच्या अंगाला. दारातून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि दाराखालून एक पायवाट झेंडूच्या वावराला वळसा घालून नदीकडे उतरायची. तिथेच गावचं मसणवट. थोरला मुलगा सुनील, म्हणजे दीपमालाचा नवरा, पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर कामाला होता आणि सुट्टीपुरता घरी यायचा. धाकटा रविराज टेम्पो चालवायचा. त्याची बायको उज्वला इगतपुरीकडची, भाताच्या मुलखातली. अंगाने काटक, कामाला वाघीण, आणि हसली की सगळे दात दाखवून हसणारी. सासूला तिचं ते हसणं फारसं रुचायचं नाही, पण काम रुचायचं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. झेंडू असा फुटला होता की तोडून हात थकायचे पण फूल थकायचं नाही. बोटांची टोकं काळी-हिरवी झालेली, त्या उग्र वासाने जेवणाची चव गेलेली. त्या सकाळी सासरा, सासू आणि दोघी सुना दवात भिजत ओळी काढत होत्या. उज्वलाने भरलेलं क्रेट उचललं, दोन पावलं टाकली आणि क्रेटसकट सरीत बसली.

दीपमाला उठली, तोवर सासू धोंडाबाई तिच्यापाशी पोहोचलीसुद्धा. गुडघे धरल्याशिवाय न उठणारी ही बाई आज पोरीसारखी कशी धावली, याचं दीपमालाला जरा नवल वाटलं. धोंडाबाई तिथूनच ओरडली की काही नाही, पित्त झालंय, तू तुझी ओळ काढ, टेम्पो यायचाय. उज्वलाचं तोंड रुमालात होतं. सासू तिला बगलेत धरून घराकडे घेऊन गेली.

दीपमाला तोडत राहिली. ऊन चढल्यावर रविराजचा टेम्पो आला, क्रेट चढले, टेम्पो घराकडे वळला आणि तिथून रस्त्याला लागला. फुलं बाजाराला निघाली असं समजून तिने हात वर केला. रविराजने केला नाही. अर्ध्या तासात टेम्पो भरलेल्या क्रेटसकट परत आला, तेव्हा तिला वाटलं, टायर बसलं असेल. ती पाणी प्यायला घरी गेली. पडवीत उज्वला निजवलेली होती आणि धोंडाबाई तिच्या तोंडात तुळशीचं पान ठेवत होती.

छातीत कळ आली म्हणाले. हायवेला लागायच्या आत हात गार पडला, मग पुढे नेऊन काय करायचं, म्हणून टेम्पो वळवला. दीपमाला भिंतीला टेकली. मला हाक का नाही मारली, असं ती विचारत होती, पण त्या घरात त्या वेळी सगळेच बोलत होते आणि कुणीच उत्तर देत नव्हतं. ती उज्वलाशेजारी बसली. तळहात पाहिले, पांढरेफटक. सवयीने तिने बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लालीचा मागमूस नव्हता. लुगड्याला रक्ताचा डाग नाही, जमिनीवर नाही. मग एवढं रक्त गेलं कुठे? धोंडाबाईने तिचा हात धरून बाजूला केला.

"तिला शांत जाऊ दे," म्हणाली.

संध्याकाळी तिला नेली. इगतपुरीहून आईबाप आले, गोटीराम आणि नवसाबाई. आईने असा हंबरडा फोडला की शेजारची गुरं बिचकली. दीपमाला तिला सावरायला गेली तर नवसाबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर ओढून पाठ फिरवली. दीपमालाला ते लागलं. आपण काय केलंय हिचं? पुरुष पायवाटेने उतरले. रंगनाथ सगळ्यांच्या मागे राहिला होता. घरधनी पुढे असायचा, हा मागे, आणि एक हात बंडीच्या खिशात. दुःखाने पाय उचलत नसतील, असं तिला वाटलं.

मग सुतक लागलं. देवाच्या फुलांना सुतकातले हात चालत नाहीत, हे रंगनाथला ठाऊक होतं, पण फूल झाडावर सुकताना पाहणं त्याच्याने होईना. झेंडूला सुतक नसतं असं त्याने आपलं आपण ठरवून टाकलं आणि माल शेजाऱ्याच्या नावाने बाजारात जाऊ लागला. एकीचं मढं उचललं, तरी ओळी तेवढ्याच होत्या. दीपमाला दोघींच्या ओळी काढू लागली.

तोडता तोडता ती उज्वलाला आठवायची. मागच्याच महिन्यात, याच वावरात, उज्वलाने हळूच विचारलं होतं, "ताई, तुमच्या पिशवीतल्या रक्ताच्या गोळ्या मला देता का? गरगरतं." दीपमालाने गोळ्या दिल्या आणि पाळी कधी आली विचारलं. उत्तर ओळीच्या पल्याड बसलेल्या धोंडाबाईने दिलं होतं, की परवाच तर डोकं धुतलं तिने. ते खरंच होतं. त्या घरात अजून बाजूला बसायची रीत होती, आणि उज्वला पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली दीपमालाने स्वतः पाहिली होती. तिच्या वाट्याचा स्वयंपाक केला होता, तिची भांडी घासली होती. तिला वरून चहा ओतला होता. तेव्हा कपातून चहा सांडला, तर उज्वला नेहमीसारखी हसली नाही, एवढंच.

गोटीराम दहाव्याला आला. अंगणात उभाच राहिला, चहाला हात लावला नाही. भाताच्या लावणीत जन्म गेलेला म्हातारा, पायांच्या बोटांत चिखल्या, बोलणं थोडं. चोवीस वर्षांच्या पोरीला कसला अटॅक, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. रविराज खाली मान घालून बसला. मग गोटीराम वळला, पडवीच्या टोकाला फवारणीच्या औषधांचे डबे होते तिकडे गेला आणि एकेक डबा उघडून हुंगू लागला. रंगनाथच्या उभ्या जन्मात कुणी त्याच्या घरात असा शिरला नव्हता. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण त्याने अडवलं नाही. सगळे डबे हुंगून झाल्यावर गोटीराम म्हणाला, तेराव्याला येतो, पण एकटा येणार नाही, पोलीस घेऊन येतो.

त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रातून सविता सिस्टरचा फोन आला. मूल होण्याच्या वयातली बाई गेली की ती का गेली ते कळवावं लागतं, हा नियम दीपमालानेच गावाला सांगितलेला. सिस्टरने विचारलं, पोटुशी होती का? नीट बघून सांग. पोटुशी असली तर वरून डॉक्टरांची टीम येईल, घरच्यांशी बोलेल.

"नाय ओ सिस्टर," दीपमाला म्हणाली. "माझ्याच घरातली व्हती. मला कळलं नसतं का?"

सिस्टर म्हणाली, बरं, पण उद्या वेगळं निघालं तर मान तुझी अडकेल.

फोन ठेवून वळली तर दारात धोंडाबाई. कुणाशी बोलू राहिली होतीस, काय सांगितलंस, टीम कसली, तूच बोलावलीस का त्यांना, सगळं एका दमात. दीपमालाने सांगितलं की बाळंतपणात गेली असती तर टीम आली असती, तशी काही ती गेली नाही, मग कशाला येतील. धोंडाबाईच्या तोंडावरचा ताण सैल पडला. तो सैल पडलेला दीपमालाने पाहिला, आणि तिला पहिल्यांदा संशय आला.

त्या दिवसापासून घरात जो तो दुसऱ्याच्या पाळतीवर. दीपमाला मोबाइल हातात घेई तेव्हा रंगनाथ खाकरत जवळ येई. ती घरात आली की धोंडाबाई आणि रविराजचं बोलणं मध्येच तुटे. सुनील पुन्हा एका दिवसापुरता आला, तेव्हा तिने त्याला विहिरीवर गाठून सरळ विचारलं की उज्वलाला काय झालं होतं, तुम्हाला काही ठाऊक आहे का. तो बादली भरत होता. भरली, ओतून दिली, पुन्हा भरू लागला. म्हणाला, आईला विचार. नवऱ्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे तिला कळलं. काय, ते अजून कळत नव्हतं.

मध्ये परतीचा पाऊस येऊन गेला होता. दोन दिवस झड लागली, मग ऊन पडलं. झेंडू कुजला, आणि रंगनाथ पावसाच्या नावाने बोटं मोडत बसला.

तेराव्याच्या दिवशी दीपमाला पहाटे बाहेर आली तर धोंडाबाई दारात नव्हती. ती खाली पायवाटेवर वाकून काहीतरी उपटत होती. पायवाटेवर कुणी निंदणी करत नसतं. दीपमाला जवळ गेली. वाटेच्या कडेने, मधोमध, जिथे पाय पडत नाही तिथे तिथे, कोवळी हिरवी रोपं वर आली होती. चार-चार पानांची. दारापासून निघून झेंडूच्या वावराला वळसा घालून ती हिरवी रेघ खाली मसणवटाकडे गेली होती. दीपमालाने एक रोप उपटलं, पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. मोहरी.

"बघत काय ऱ्हायली? उपट," धोंडाबाई खाली मानेनेच म्हणाली. "गोटीराम इवाई यायच्या आत झालं पायजे."

दीपमालाही वाकली. हात उपटत होते आणि डोकं मागे जात होतं, माहेरी, लहानपणी. शेजारची एक बाळंतीण मेली होती, तेव्हा आजीने तिरडीच्या मागे मोहरी टाकायला लावली होती. पोटुशी बाई किंवा बाळंतीण मेली की तिचा जीव लेकराच्या ओढीने घराकडे परततो. वाटेवर मोहरी दिसली की ती दाणा दाणा वेचत बसते, वेचून होत नाही तोवर उजाडतं, आणि ती माघारी फिरते. अशीच कुणी मेली तर टाकत नाहीत. म्हातारी मेली, साप चावून मेली, अटॅकने मेली, तर टाकत नाहीत. आणि आजी म्हणायची, भाजून टाकावी, नाहीतर उगवते.

रंगनाथ मागे का चालत होता आणि खिशातल्या मुठीत काय होतं, ते तिला आत्ता दिसलं.

"भाजली का नाय, आत्याबाई?" तिने विचारलं.

धोंडाबाईचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "मढं दारात आसताना चूल पेटवत्यात व्हय?"

"कितवा महिना व्हता?"

"तिसरा."

दोघी काही वेळ उपटत राहिल्या. ओली माती, मुळं सहज सुटून येत होती. दीपमालाने विचारलं की मग ती बाजूला बसली होती ते काय. धोंडाबाईने सांगितलं, सांगताना थांबली नाही, जणू कधीचं तोंडाशी आलेलं होतं. मीच बसवली, म्हणाली. बसली नसती तर तुला कळलं असतं. तुझ्या नजरेतून काय सुटतं? गेल्या साली उज्वलाने तुला सांगितलं, तू त्याच दिवशी नाव घातलंस मोबाइलात, आणि आठवडा गेला नाही तर पडलं. मग यंदा ठरवलं. पोट दिसेस्तोवर तुला कळू द्यायचं नाही. वावरात बसली तेव्हा तिचं पोट एका अंगाला दुखत होतं, अंगावर नुसता ठिपका गेला होता. मला वाटलं, आडवी झाली की राहील. देवीला नारळ ठेवला. मग ती पांढरी पडायला लागली.

एका अंगाला दुखणं, घेरी, वर थेंबभर आणि बाकी सगळं रक्त पोटातल्या पोटात. गर्भ नळीत राहिला की असंच होतं. दीपमाला हे गावातल्या बायकांना वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आली होती. रुग्णवाहिकेचा नंबर तिच्या बोटांच्या टोकावर होता. ती चार ओळी पलीकडे बसून झेंडू तोडत होती.

"तव्हा तरी मला हाक मारायची व्हती," ती म्हणाली.

"तूच नको व्हतीस," धोंडाबाई म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने वर पाहिलं. "तुझी कूस मोकळी. वाईट नको वाटून घेऊ. तुझा दोष नाय त्यात, पण नजर काय आपल्या हातात आसती?"

दीपमालाला वाईट वाटलं नाही. तिला राग आला, असा राग की उभ्या जन्मात आला नव्हता. एवढी वर्षं या घरात भाकऱ्या थापल्या, सुतकात दोघींच्या ओळी काढल्या, आणि हे सगळे जण, नवऱ्यासकट, तिच्यापासून एक बाई लपवत होते. तिच्या डोळ्यांपासून वाचवायची म्हणून लपवली आणि तशीच मारली. तिने हातातली मोहरी खाली टाकली.

धोंडाबाई पुढचं बोलत होती. रविराजला अजून दुसरी करायची आहे, पोटुशी मेली कळलं तर या घरात पोर कोण देईल, मजूर बाया वावरात पाय ठेवायच्या नाहीत, नदीच्या वाटेला फिरकायच्या नाहीत. एवढी वाट साफ कर माझ्यासंगं. मग कुणी काही विचारलं तर अटॅक.

"मी आता एकबी रोप उपटणार नाय," दीपमाला म्हणाली. "तुम्हीबी नाय."

ती वाटेत उभी राहिली. वावराच्या वळणापासून खाली नदीपर्यंत मोहरी तशीच होती. धोंडाबाई बाजूने जायला बघू लागली, तर तिने तिचं मनगट धरलं. सासूच्या मनगटाला सुनेने हात घालावा, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. म्हातारी इतकी चकित झाली की ओढून घ्यायचंही विसरली.

गोटीरामला त्या तशा सापडल्या. एस.टी.तून उतरून तो मळ्याच्या बांधाने आला होता. पोलीस नव्हते, एकटाच होता. आधी त्याने दोघींकडे पाहिलं, मग वाटेकडे. शेतकऱ्याला रोप ओळखायला किती वेळ लागतो? तो खाली बसला, एका पानावरून बोट फिरवलं, आणि नजर त्या रेघेवरून हळूहळू नदीपर्यंत गेली.

"पोटुशी व्हती?" त्याने विचारलं.

"तिसरा महिना, बाबा," दीपमाला म्हणाली. "इष नाय, अटॅक नाय. गर्भ बाजूला ऱ्हायला व्हता, पोटात रक्त झालं. येळेवर नेली आसती तर वाचली आसती. आन् मला सांगितलं आसतं तर मी नेली आसती."

"तुला का नाय सांगितलं?"

दीपमालाने धोंडाबाईकडे पाहिलं. धोंडाबाईने दुसरीकडे. शेवटी दीपमालानेच सांगितलं, की मला मूल नाही म्हणून. माझी नजर लागेल म्हणून.

आता हा म्हातारा धोंडाबाईच्या अंगावर धावून जाईल असं तिला वाटलं. तो जागचा हलला नाही. बसल्या बसल्या त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमची नवसाबाई पोलिसात यायला तयार व्हईना," तो म्हणाला. "सोडून द्या म्हणती. मला राग आला. पोटच्या पोरीसाठी ही बाई का मागं सरती, मला समजंना. तिच्यावरच संशय धरला मी. काल रडता रडता बोलून गेली, मीच पोरीचं तोंड बांधलं. कसलं तोंड इचारलं, तर गप." त्याने टोपीवरून हात फिरवला. "पोरगी आधी आईलाच सांगती ना?"

पाठ फिरवलेली नवसाबाई दीपमालाला आठवली. म्हणजे दोन्ही घरांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. सोयरीक जमवताना झालं नसेल एवढं. गोटीराम मान वर करून तिच्याकडे पाहू शकला नाही. माफ कर पोरी, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि तिला त्याची कीव आली, पण राग कमी झाला नाही.

तिने कमरेचा मोबाइल काढला. धोंडाबाई म्हणाली, "नको गं." वरून रंगनाथ आणि रविराज उतरत होते, रंगनाथ लांबूनच हात हलवून काय चाललंय विचारत होता. पलीकडे सविता सिस्टरने फोन उचलला.

दीपमालाने तिला सांगितलं की उज्वला पोटुशी होती, तिसरा महिना होता, आपण आधी नाही म्हणालो ते चूक होतं, टीम पाठवा. सिस्टर म्हणाली, अगं, तुझ्याच घरातली, वर पहिला प्रश्न हाच विचारतील, आशाला कसं माहीत नव्हतं? काय सांगू मी त्यांना?

रविराज येऊन बापाच्या मागे थांबला होता. त्याच्या पायाखाली मोहरी होती, त्याने पाहिली आणि पाय बाजूला घेतला. दीपमालाने फोनचा आवाज मोठा केला आणि तो सासूपुढे धरला.

"घ्या, आत्याबाई. आशाला का माहीत नव्हतं, इचारू ऱ्हायल्यात. तुम्हीच सांगा."

फोनमधून सिस्टर हॅलो हॅलो म्हणत होती. धोंडाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. दोघांपैकी कुणी पुढे आलं नाही. मग तिने मातीचा हात लुगड्याला पुसला आणि फोन घेतला.